पॉट म्हणण्याआधी: मांडवीतल्या जहाजावरची ओमाहा स्पर्धा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांपैकी एकावर नोव्हेंबर २०२५ मध्ये मी पॉट-लिमिट ओमाहाची, म्हणजे चार पत्त्यांच्या पोकरची, स्पर्धा खेळून आले. जाण्याआधी मराठीत कुणी याबद्दल काही लिहिलंय का ते बरंच शोधलं. टेक्सस होल्डेम या दोन पत्त्यांच्या पोकरबद्दल थोडंफार सापडतं, ओमाहाबद्दल जवळपास शून्य. आणि जो प्रश्न मला छळत होता, की स्पर्धेत सगळ्या चिप्स नेमक्या कधी आत ढकलायच्या, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. म्हणून जेटीवरच्या रांगेपासून टीडीएसच्या, म्हणजे आधीच कापलेल्या कराच्या, फॉर्मपर्यंत सगळं क्रमाने लिहून काढते. पैशाचा खेळ आहे. बाय-इन, म्हणजे प्रवेशाची रक्कम, भरला त्या क्षणी तो गेला असं धरून चालायची तयारी असेल तरच पुढचं कामाचं.

मी कुडाळला एका करसल्लागाराकडे काम करते. आकडेमोडीची सवय तिथली, पत्त्यांची घरची. आमच्याकडे चतुर्थीत आरत्या आटोपल्या की रात्री माजघरात पत्ते पडतातच. मेंढीकोट, रमी, मोठी माणसं झोपली की तीन पत्ती. ओमाहा मात्र मी ऑनलाइन शिकले, अगदी किरकोळ रकमेच्या टेबलांवर. ते ऑगस्ट २०२५ मध्ये एका फटक्यात थांबलं. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि अ‍ॅपवर 'पैसे काढून घ्या' एवढाच संदेश उरला. गणपती २७ला होते. त्या वर्षी मी घरातल्या सगळ्यांना चिंचोके वाटले आणि ओमाहा शिकवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओमाहात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात. टेबलावर पाच उघडे पडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, आणि शेवटचा रिव्हर. पाच पत्त्यांचा हात करताना आपल्या चारांतले नेमके दोन आणि टेबलावरचे नेमके तीन घ्यायचे. कमी नाही, जास्त नाही. माझ्या मोठ्या दिराच्या डोक्यात हे शेवटपर्यंत शिरलं नाही. टेबलावर चार बदाम आणि हातात एक बदामाचा एक्का दिसला की ते "फ्लश!" म्हणून चिंचोके ओढायला लागायचे. "भावजी, हातातली दोन बदामं दाखवा," असं म्हणता म्हणता अनंत चतुर्दशी आली.

पॉट म्हणजे टेबलाच्या मध्ये जमलेल्या चिप्स, आणि पॉट-लिमिट म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढीच रक्कम वाढवता येते. हिशोब सोपा आहे. समोरच्याची बेट, म्हणजे त्याने लावलेली रक्कम, तिप्पट करा आणि त्या बेटेच्या आधी पॉटमध्ये जे होतं ते मिळवा. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या लहान आणि मोठ्या (बिग) रकमा, १०० आणि २०० असतील तर पहिली पूर्ण रेझ, म्हणजे वाढवलेली बेट, ७०० ची. त्यावर कुणाला परत पूर्ण रेझ करायची असेल तर २,४००. म्हणजे होल्डेमसारखं चांगले पत्ते आले की 'ऑल-इन' म्हणून सगळ्यांना हाकलून देता येत नाही. बिग ब्लाइंडवाल्याला ७०० च्या रेझला फक्त ५०० घालायचे असतात आणि पॉटमध्ये आधीच १,००० असतात. त्याला ३३ टक्के संधी पुरते, आणि चार पत्त्यांच्या खेळात ३३ टक्के कुठल्याही बऱ्यापैकी हाताकडे असतात. एक्क्यांची जोडीसुद्धा चांगल्या सलग, दोन रंग जुळलेल्या हातासमोर साधारण साठ-चाळीसच असते.

याचा अर्थ चिप्स झोकायचा निर्णय बहुतेक वेळा फ्लॉपनंतर होतोय असं दिसतं, पण खरा तो त्याआधीच झालेला असतो, जेव्हा तुम्ही 'पॉट' म्हणता, म्हणजे पूर्ण रेझ करता, तेव्हा. ही गोष्ट मला कागदावर मांडल्याशिवाय पटली नाही. मी तीन आकडे पाठ केले: १, ४, १३. फ्लॉपला पॉटमध्ये जेवढं आहे तेवढाच स्टॅक, म्हणजे आपल्यापुढचा चिप्सचा ढीग, उरला असेल तर पॉटएवढी एकच बेट शिल्लक आहे. चौपट असेल तर दोन बेटा, म्हणजे १ अधिक ३. तेरापट असेल तर तीन, म्हणजे १, ३, ९. आणि त्याच्या शेजारी दुसरी ओळ. समोरचा पत्ते टाकून हात सोडणारच नाही असं धरलं, तर सगळं आत घालायला किती टक्के संधी लागते? पॉटच्या निम्मा स्टॅक उरला असेल तर २५ टक्के. पॉटएवढा असेल तर ३३. दुप्पट असेल तर ४०, चौपट असेल तर ४४. जितके खोल पाणी तितका हात पक्का हवा, एवढंच त्याचं सार.

ऑक्टोबरअखेर स्पर्धेचं वेळापत्रक लागलं आणि मी नाव घातलं. बाय-इन १५,००० रुपये, सुरुवातीला ३०,००० चिप्स, ब्लाइंड १००-२०० पासून, पातळी ३० मिनिटांची, म्हणजे दर अर्ध्या तासाने ब्लाइंड वाढतात. नोंदणी ऑनलाइन होते, पण कागदपत्रं प्रत्यक्ष दाखवावीच लागतात. आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक. वय २१ पूर्ण हवं. आणि पत्ता गोव्याचा नको! फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. लग्नानंतर गोव्यात गेलेल्या आणि आधार बदललेल्या माझ्या एका मैत्रिणीला हे काउंटरवर कळलं. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, तेव्हा जुन्या लेखांतले प्रवेशाचे आणि पॅकेजचे दर धरून बजेट बांधू नका. फोन करून आजचा आकडा विचारा आणि 'करासहित किती' हे वेगळं विचारा.

इफ्फी, म्हणजे पणजीतला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २० नोव्हेंबरला सुरू होत होतं. त्या काळात पणजीत खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर परवडणं कठीण. आमची स्पर्धा त्याच्या आधीच्या आठवड्यात होती, म्हणून पणजीच्या मळा भागात १,८०० रुपयांत बरी खोली मिळाली. गोव्याच्या कदंबा बसने गेले. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. खिडकीतून पर्वरीचा उतार आणि मग खाली मांडवी, त्यात ती जहाजं. दिवसा ती अगदीच साधी दिसतात, रंग उडालेल्या जत्रेतल्या पाळण्यासारखी.

हे कॅसिनो जहाजावरच का आहेत, तर कायद्यामुळे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात पुढे सुधारणा होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना आणि पाण्यातल्या जहाजांवर टेबलांवरच्या खेळांना परवानगी मिळाली. त्यामुळे माणसाने वाटलेल्या पत्त्यांचा पोकर खेळायचा तर होडीत बसावं लागतं.

म्हापशाचा मावसभाऊ मला स्कूटरवरून जेटीपर्यंत सोडायला आला. तो माझ्याहून चांगला खेळतो. मी म्हटलं, निदान बघायला तरी चल. "आमकां भितर सोडिनात गो, तूं वच," म्हणाला आणि बांदोडकर मार्गावरच्या गाड्यावर रस ऑम्लेट खायला निघून गेला. गंमत म्हणजे आत माझ्या टेबलावर पत्ते वाटणारी मुलगी डिचोलीची निघाली. गोवेकरांना वाटायला मुभा, खेळायला नाही.

जेटीवर सामान तपासतात, मग फेरीबोट. दोनची स्पर्धा असेल तर बारालाच जेटीवर या, कारण बोट भरल्याशिवाय सुटत नाही आणि वर पुन्हा ओळखपत्राची रांग आहे. माझा फोटो काढला, कार्ड दिलं, एका फॉर्मवर तीन सह्या घेतल्या. पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत माझ्या मधल्या नावाचा फरक होता. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी बँकेच्या पासबुकाच्या फोटोवर भागलं. पुरुषांना अर्धी चड्डी आणि चप्पल चालत नाही. एसी इतका थंड असतो की मी शाल घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी ती कुठे घेतली म्हणून विचारलं.

एकूण ९४ नोंदी झाल्या, बक्षीस १२ जणांना. टेबलाला आठ जण. माझ्या डावीकडे कोल्हापूरचे गुळाचे व्यापारी, समोर पुण्याची दोन आयटीतली मुलं, एक बेळगावचे डॉक्टर. बाकी हिंदी-इंग्रजी. मी एकटीच बाई. पहिल्या तासाभरात सगळे मला "ताई, हळू खेळा" सांगत होते, नंतर बंद झाले.

सुरुवातीलाच बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर, मला इस्पिक एक्का, बदाम एक्का, चौकट नव्वी, किलवर तिर्री आली. दोन एक्के, आणि त्यांच्या जोडीला काहीच नाही. पुण्याच्या एका मुलाने ७०० केले. घरी चिंचोक्यांवर मी अशा वेळी डोळे मिटून पॉट म्हणत असे. इथे आधी बेरीज केली. २,४०० केले आणि त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले, तर पॉट ५,१०० होतो, माझ्याकडे २७,६०० उरतात. पाचपटीहून जास्त. म्हणजे दोन पूर्ण बेटा आणि वर थोडं. तोवर माझ्याकडे एक्के आहेत हे टेबलावर प्रत्येकाला कळलेलं असणार आणि त्याच्याकडे काय आहे ते मला माहीत नसणार. मी नुसते ७०० घातले. बिग ब्लाइंडही आला. फ्लॉप आला दश्शी, सत्ती, छक्की, त्यात दोन बदाम. माझ्याकडे बदामाचा एक्का होता, पण दुसरं बदाम नाही, म्हणजे फ्लशच्या नावाने शून्य. बिग ब्लाइंडने पॉट मारला, पुण्याच्या मुलाने त्यावर परत पॉट मारला. मी पत्ते टाकले. एक्क्यांची जोडी ७०० रुपयांच्या, म्हणजे चिप्सच्या, मोलात गेली आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. खोल स्टॅक असताना सुके एक्के हा फक्त एक जोडीचा हात असतो.

लाइव्ह खेळात एक फायदा आहे तो सांगते. पॉट-लिमिटमध्ये डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, 'पॉट किती' असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नो-लिमिटमध्ये, म्हणजे कितीही लावता येतं तिथे, डीलर मोजून देत नाही, इथे देतो. ऑनलाइन बटण दाबलं की आकडा येतो, इथे तो तोंडाने मागायचा. मी प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी मागितला, स्वतःची बेरीज तयार असली तरी. त्यात दहा सेकंद मिळतात आणि तुमची पाळी आली की तुम्ही नेहमीच विचारता हे लोकांच्या लक्षात आलं की त्यावरून कुणाला काही ओळखता येत नाही.

ज्या हाताबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय तो ब्लाइंड ४००-८०० ला आला. माझ्याकडे ३४,००० होते. मी बिग ब्लाइंडवर, हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. बटणावरून कोल्हापूरच्या काकांनी २,८०० केले, मी उरलेले २,००० घालून कॉल केला. पॉट ६,०००, माझ्याकडे ३१,२००. फ्लॉप: इस्पिक नव्वी, चौकट अठ्ठी, किलवर दुर्री.

हा ओमाहाचा खास हात. याला रॅप म्हणतात, कारण आपले पत्ते टेबलावरच्या दोन पत्त्यांना दोन्ही बाजूंनी वेढतात. मोजून बघा. चार राण्या, तीन गुलाम, तीन दश्श्या, तीन सत्त्या, तीन छक्क्या, चार पंज्या. वीस पत्त्यांनी माझा स्ट्रेट, म्हणजे पाच सलग पत्ते, पुरा होतो. उरलेल्या ४५ पत्त्यांत वीस माझे, म्हणजे पुढच्या दोन पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्के. हे ऐकून कुणीही चिप्स ढकलेल. पण या वीसमध्ये दोन जाती आहेत. राणी, सत्ती, छक्की किंवा पंजी आली तर माझा स्ट्रेट सर्वांत मोठा. ते चौदा. गुलाम आला तर कुणाकडे राणी-दश्शी असली की तो मला खातो. दश्शी आली तर राणी-गुलामवाला खातो. ते सहा पत्ते अर्धवट माझे. आणि समोर नव्व्यांचा किंवा अठ्ठ्यांचा सेट, म्हणजे तीन सारखे पत्ते, असेल तर माझा स्ट्रेट लागल्यावरही टेबलावर जोडी पडून तो फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी) करू शकतो. सेटसमोर हा ७० टक्क्यांचा हात चाळिशीच्या आसपास येतो. तीन वेगळे रंग होते म्हणून फ्लशची भीती तरी नव्हती. दोन एकरंगी असते तर सगळंच गणित बदललं असतं.

मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. काकांनी ६,००० मारले. डीलरला पॉट विचारला. पूर्ण रेझ २४,०००. म्हणजे माझ्याकडे ७,२०० उरणार. आता २४,००० घालून ७,२०० वाचवायला मागे फिरणं हास्यास्पद आहे. पॉट म्हणणं म्हणजे ३१,२०० घालणं, फक्त दोन हप्त्यांत. तेव्हा निर्णय ३१,२०० चा म्हणून घ्यायचा. समोरचा कधीच सोडणार नसेल तर त्यासाठी साधारण ४६ टक्के हवेत. सेटसमोर मी थोडी कमी, नुसत्या एक्क्यांसमोर किंवा दोन जोड्यांसमोर बरीच वर. आणि काका कधी कधी सोडतील, ते वेगळंच.

दुसरा पर्याय होता नुसता ६,००० चा कॉल. तोही वाईट नव्हता. टर्न कोरा गेला तरी एका पत्त्यासाठी ४५ टक्के माझे असते आणि पॉटएवढ्या बेटेला ३३ पुरतात. पण कॉल करणाऱ्याला जिंकायचा एकच रस्ता असतो, पत्ता लागणं. शेवटची बेट आपली असेल तर दोन रस्ते असतात, पत्ता लागणं किंवा समोरच्याने सोडणं. मी पॉट म्हटलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, सेट हाय काय?" मी टेबलाकडे बघत राहिले. मिनिटभराने त्यांनी दोन एक्के उघडे टाकले आणि बाकीचे दोन गड्डीत सरकवले. त्यांना १८,००० अजून घालायचे होते आणि टर्नला परत माझे ७,२०० येणार हे त्यांना दिसत होतं. मी ४३,२०० वर गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. "मग म्या बरोबर टाकलं का चूक?" म्हणाले. त्यावर आम्ही भाताचं ताट संपेपर्यंत भांडलो.

तिथून पुढे बराच वेळ काहीच झालं नाही. हे कुणी सांगत नाही, पण स्पर्धेचा बहुतेक वेळ पत्ते टाकण्यात जातो. ब्लाइंड १,०००-२,००० झाले तेव्हा माझ्याकडे ५०,००० होते, २५ बिग ब्लाइंड. आणि एक्के आले, या वेळी दश्शी-नव्वीसकट आणि दोन्ही एक्क्यांचे रंग जुळलेले. माझ्या आधीच्या माणसाने ७,००० केले होते. आता तीच बेरीज वेगळं उत्तर देते. परत पॉट म्हणजे २४,०००. त्याने कॉल केला तर पॉट ५१,००० आणि माझ्याकडे २६,०००. पॉटच्या निम्मे. जवळपास कुठलाही फ्लॉप आला तरी २५ टक्के माझ्याकडे असणार. म्हणजे फ्लॉप बघून घाबरायचं नाही असं आधीच ठरवून पॉट म्हणायचं. मी हे मनात शब्दांत म्हणून घेते: 'काहीही येवो, घालणार.' तसं म्हणता येत नसेल तर तो पॉट मारायचा नाही.

त्याने कॉल केला. फ्लॉप गुलाम, अठ्ठी, चौरी. त्याने चेक केलं, मी २६,००० घातले, त्याने घेतले. त्याचे पत्ते राजा, राजा, गुलाम, दश्शी. टर्न आणि रिव्हर कोरे गेले आणि माझे १,०३,००० झाले.

हिशोबाला सोपं म्हणून एक अंदाज मी वापरते. या रेझने माझ्या स्टॅकचा तिसरा हिस्सा किंवा जास्त आत जात असेल, तर कॉल आल्यावर पॉट आणि उरलेला स्टॅक जवळपास सारखे होतात. म्हणजे एकच बेट उरते आणि ३३ टक्के पुरतात. एक तृतीयांशाच्या पुढे गेलं की परतीची वाट नाही असं समजायचं. सगळ्यात अवघड जागा त्याच्या अलीकडची, स्टॅकचा पाचवा हिस्सा घालून मग फ्लॉपला विचार करत बसायचं. तिथे मी शक्यतो कॉल करते किंवा टाकते.

रात्री साडेअकराच्या सुमारास १३ जण उरले. बक्षीस १२ ना. याला बबल म्हणतात आणि तेव्हा दोन्ही टेबलांवर एकेक हात बरोबरीने वाटतात, म्हणजे कुणी मुद्दाम वेळ काढून दुसऱ्या टेबलावरच्याला आधी बाद करवू नये. ब्लाइंड ४,०००-८,०००, माझ्याकडे ९६,०००. बारा बिग ब्लाइंड. पहिली पूर्ण रेझ २८,००० ची, म्हणजे स्टॅकचा जवळपास तिसरा हिस्सा. बिग ब्लाइंडने कॉल केला तर पॉट ६०,०००, माझ्याकडे ६८,०००. रेझ केली की सगळं आलं.

एरवी ३३ टक्के पुरले असते. पण या क्षणी हरले तर शून्य रुपये आणि नुसतं बसून राहिले तर दुसऱ्या टेबलावरचा तीन ब्लाइंडवाला बहुधा माझ्याआधी जाणार. जिंकलेल्या चिप्सची किंमत घालवलेल्या चिप्सएवढी नसते, हे बबलवर जितकं खरं तितकं दुसरीकडे कुठे नाही. राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी हा हात मला आधी बोलायच्या जागेवर मिळाला. तीन तासांपूर्वी मी तो आनंदाने खेळले असते. टाकला. डॉक्टरांकडे सगळ्यात मोठा ढीग होता आणि ते प्रत्येक हाताला पॉट म्हणत होते. तेही बरोबरच होतं, त्यांना बाद व्हायची भीती नव्हती. ती पस्तीस-चाळीस मिनिटं फार लांब गेली. माझे हात गार पडले होते, आणि ते एसीमुळे नाही. शेवटी पलीकडच्या टेबलावर टाळ्या झाल्या.

तोवर ब्लाइंड ५,०००-१०,००० आणि माझ्याकडे सत्तर हजारांच्या आसपास. एक्का, राजा, दश्शी, नव्वी आली. पॉट म्हणजे ३५,०००, निम्मा स्टॅक. आता बक्षीस पक्कं होतं, आणखी वाट बघितली तर ब्लाइंडच खाणार. घातले. डॉक्टरांनी बिग ब्लाइंडवरून घेतले, त्यांनी घ्यायलाच हवे होते. पॉट ७५,०००. फ्लॉप राजा, सत्ती, चौरी. उरलेले ३५,००० आत, त्यासाठी २४ टक्के पुरत होते. त्यांनी उघडले सत्ती, छक्की, पंजी, चौरी. दोन जोड्या. एक्का, राजा, दश्शी, नव्वी असे अकरा पत्ते मला सुधारणारे होते. एकही आला नाही. उठून सगळ्यांशी हात मिळवले. दहावा क्रमांक, ३४,००० रुपये.

बाद झाल्यावर लगेच निघून जाऊ नका, टेबलावरच चिठ्ठी मिळते, ती घेऊन काउंटरवर जायचं. पुन्हा पॅन, पुन्हा सही. १०,००० च्या वरच्या जिंकलेल्या रकमेवर २०२५-२६ मध्ये कलम १९४ बीखाली ३० टक्के टीडीएस कापत होते. माझे १०,२०० कापले आणि २३,८०० बँकेत आले, चार दिवसांनी. बाय-इनचे १५,०००, दोन रात्रींचे ३,६००, प्रवास-खाणं धरून २,४०० वजा केले की हातात २,८०० उरले. शेवटची फेरीबोट कधी आहे ते आधी विचारून ठेवा. मी दीडच्या बोटीने उतरले आणि मावसभाऊ अजून जेटीवर होता. कुठल्या हातावर गेलीस, हे त्याने स्कूटर चालू करायच्याही आधी विचारलं.

आता करभरणा, कारण इथे लोक अडकतात. २०२५-२६ मध्ये अशा जिंकलेल्या पैशांवर कलम ११५ बीबीखाली सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस होता. बाय-इन खर्च म्हणून वजा करता येत नाही. तुमचं बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असलं तरी या रकमेला ती मर्यादा लागू होत नाही. माझा कर १०,६०८ झाला, टीडीएस १०,२००, म्हणजे ४०८ रुपये विवरणपत्रासोबत भरायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिळायला हवा होता. मला तो मागावा लागला. ईमेलमध्ये पॅन, स्पर्धेची तारीख आणि पावतीचा नंबर एकत्रच दिलात तर दुसरं पत्र लिहावं लागत नाही. तो आला की २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा कराच्या विवरणात, रक्कम जुळते का बघा. आणि पगारदार मंडळी नेहमी भरतात तो सहज, म्हणजे आयटीआर-१, असे पैसे जिंकलेल्या वर्षासाठी तुम्हाला चालणार नाही. आयटीआर-२ घ्या.